एका संशोधन-पत्रिकेचे जुने खंड

पुण्याच्या पेठेंतील आमचा वाडा पाडून त्या जागीं नवी इमारत उभी राहावयाचें ठरलें, तेव्हां घरांतील वडीलधाऱ्यांपुढें जे अनेक प्रश्न येऊन पडले त्यांत माळ्यावरच्या ट्रंकांचा प्रश्न सर्वांत अवघड निघाला. भांड्यांची वांटणी होते, देव थोरल्या घरीं जातात, पाट-चौरंग ज्याच्या घरीं जागा असेल तो नेतो. परंतु आजोबांच्या पुस्तकांवर हक्क सांगावयास कोणी पुढें येत नाहीं, आणि तीं टाकून द्या असें म्हणण्याचाही कोणास धीर होत नाहीं. घरांतील दोन मुलें व एक सून हिंजवडीस नोकरीला. म्हणून आम्हीं मुळशी तालुक्यांतील माण येथें एकाच मजल्यावर तीन बिऱ्हाडें घेतलीं, आणि रोजचा स्वयंपाक निरनिराळा पण सणवार एके ठिकाणीं, अशा बेतानें आमचें एकत्र कुटुंब तेथें नांदूं लागलें. ट्रंकाही अर्थात् बरोबर आल्या. नव्या घरांत माळा नव्हता. ट्रंका दिवाणखान्यांत राहिल्या व येत्या-जात्याच्या पायास लागूं लागल्या. शेवटीं रद्दीवाल्यास बोलावणें गेलें.

तिसऱ्या ट्रंकेंत एका इंग्रजी नियतकालिकाचे जाड जाड खंड होते. कसरीनें कडा कुरतडलेल्या, पुठ्ठे सुटलेले, पानें चहाच्या रंगाचीं झालेलीं. रद्दीवाल्यानें काटा बाहेर काढला होता. तेवढ्यांत धाकट्या सूनबाईंनीं सहज एक खंड उघडला आणि त्या म्हणाल्या, "अहो काकू, यांत आत्या, मावशी, नणंद, जाऊ यांचे शब्द छापले आहेत कीं!" आमच्या वहिनी स्वयंपाकघरांतून हात पुशीत आल्या, चष्मा लावून त्यांनीं पान पाहिलें, आणि रद्दीवाल्यास चहा देऊन परत पाठविलें.

आमच्या घरांत ‘पत्रिका’ म्हटली कीं प्रथम कुंडली आठवते. ही पत्रिका मात्र डेक्कन कॉलेजची होती. ‘बुलेटिन ऑफ द डेक्कन कॉलेज रिसर्च इन्स्टिट्यूट’ असें तिचें भारदस्त इंग्रजी नांव. आजोबा त्या कॉलेजाचे जुने विद्यार्थी, पेशानें शाळामास्तर. पदरीं फारसा पैसा नसतां त्यांनीं ही पत्रिका घेतली व जपली, याचें कारण आम्हांस पुढें ट्रंकेंतील कागद वाचतां वाचतां उमगलें.

डेक्कन कॉलेजाची मूळ कथा आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनसाहेबांनीं दक्षिणेच्या रकमेंतून ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा सुरू केली. १८५१ सालीं ती इंग्रजी शिक्षणाशीं जोडली जाऊन पूना कॉलेज झालें, १८६४ सालीं डेक्कन कॉलेज हें नांव मिळालें, आणि सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीच्या साहाय्यानें येरवड्यास जी इमारत बांधली तींत १८६८ सालीं कॉलेज राहावयास गेलें. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर, राजवाडे हे तेथले विद्यार्थी व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे तेथले अध्यापक, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. परंतु एवढ्या विद्वानांच्या या घरास शंभर वर्षांहून अधिक काळ स्वतःची संशोधन-पत्रिका नव्हती, हें मात्र क्वचितच कोणाच्या लक्षांत येतें. भांडारकरांचे निबंध मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेच्या नियतकालिकांत किंवा ‘इंडियन अँटिक्वरी’त जात. मराठींत लिहिणारांस १८६७ पासून ‘विविधज्ञानविस्तार’ होता. पुढें पुण्यांतच १९१९ सालीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचें ‘ॲनल्स’ निघालें आणि १९२० पासून भारत इतिहास संशोधक मंडळाचें त्रैमासिक सुरू झालें. कॉलेज मात्र दुसऱ्यांच्या ओसरीवर बसून लिहीत राहिलें.

मग १९३४ सालीं सरकारनें काटकसरीच्या नांवाखालीं कॉलेजच बंद केलें. माजी विद्यार्थी स्वस्थ बसले नाहींत. जिजीभाईंची देणगी ज्या हेतूनें दिली गेली तो हेतु मोडण्याचा अधिकार सरकारास नाहीं, असें म्हणून त्यांनीं कोर्टाची पायरी चढली व अखेरीस यश मिळविलें. १७ ऑगस्ट १९३९ रोजीं कॉलेज पुन्हां उघडलें तें पदव्युत्तर अध्यापन व संशोधन करणारी संस्था म्हणून. आजोबांच्या एका जुन्या वहींत त्या वर्षीं या माजी विद्यार्थ्यांच्या खटपटीस दिलेल्या दोन रुपयांची नोंद आहे. वही चाळतांना तीच नोंद आम्हांस सर्वांत मोलाची वाटली. ज्या कॉलेजासाठीं त्यांनीं दोन रुपये दिले त्याची पत्रिका त्यांनीं घेतली नसती तरच नवल.

पत्रिकेचा पहिला अंक डिसेंबर १९३९ चा आहे. म्हणजे कॉलेज उघडून चार महिने होतात न होतात तोंच तो निघाला. उघडल्या दुकानाची पाटी लवकर लावावी हा व्यवहार विद्वानांसही कळतो! पुढचा अंक मार्च १९४० चा. त्यावर २, ३ व ४ असे तीन क्रमांक एकदम घातलेले आहेत. त्रैमासिक म्हणून निघालेल्या पत्रिकांचें असें व्हावयाचेंच. आमच्या मासिकाचेही जोडअंक निघाल्याचें वाचकांस स्मरत असेल. परंतु त्या एका जोडअंकांत जो मजकूर आहे तो पाहिला म्हणजे उशिराची तक्रार करवत नाहीं.

अध्यापकमंडळी तरुण होती. भाषाशास्त्राचे सुमित्र मंगेश कत्रे, पुरातत्त्वाचे हसमुख धीरजलाल सांकळिया, समाजशास्त्राच्या इरावती कर्वे, वेदवाङ्मयाचे विनायक महादेव आपटे, मराठ्यांच्या इतिहासाचे त्र्यंबक शंकर शेजवलकर. १९४० ते १९४२ या काळांत पारशी पंडित डॉ. इराच जहांगीर सोराबजी तारापोरवाला हे संचालक होते. १९४२ पासून ती धुरा कत्रे यांनीं १९७१ पर्यंत वाहिली. सातारचें पारसनीस यांचें ऐतिहासिक संग्रहालयही १९३९ सालींच कॉलेजांत आलें. म्हणजे जुनीं दप्तरें, नवे अध्यापक व नवी पत्रिका हीं तिन्ही एकाच वर्षीं एकत्र आलीं.

पहिल्या खंडांत आपटे यांनीं गृह्यसूत्रांत ऋग्वेदाचे मंत्र कोणत्या विधीस जोडले आहेत याची छाननी केली आहे. लग्नमुंजींत भटजी जे मंत्र म्हणतात त्यांतील पुष्कळांचा मूळ सूक्तांतील अर्थ वेगळा असून विधीमध्यें त्यांची योजना कधीं एखाद्या शब्दाच्या साम्यावरून झाली आहे, हा विषय आमच्या घरीं जेवणाच्या पंक्तींत दोन दिवस पुरला. तिसऱ्या दिवशीं वहिनींनीं तो बंद केला, कारण पुतण्याची मुंज जवळ आली होती.

खरी मौज पान ३२७ पासून पुढें आहे. तेथें इरावतीबाईंचा ‘मराठी मुलुखांतील नात्याचे शब्द व नात्याचे व्यवहार’ अशा अर्थाचा साठ-एक पानांचा इंग्रजी निबंध आहे. सूनबाईंनीं उघडला तो हाच. बाई बर्लिनच्या पीएच्. डी., महर्षि कर्वे यांच्या स्नुषा, आणि स्वतः भरल्या कुटुंबांत नांदलेल्या. त्यामुळें कोणत्या नात्यास कोणता शब्द, आणि त्या शब्दामागें कोणता व्यवहार, हें त्यांनीं पाहिलें तें घरांत बसून पाहिल्यासारखें आहे. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा कीं उत्तरेकडे मामाच्या मुलीशीं लग्न निषिद्ध, दक्षिणेकडे तें इष्ट, आणि महाराष्ट्र मधल्या मुलुखांत असल्यामुळें येथें जातीजातींत दोन्हीं तऱ्हा आढळतात. मामाची मुलगी करण्याची चाल पुष्कळ मराठी जातींत आहे, आतेबहीण करण्याची मात्र सहसा नाहीं. देशस्थांत मामेबहीण चालते, कोंकणस्थांत चालत नाहीं.

हें वाचल्यावर आमच्या घरांत जो गलका झाला तो सांगण्यासारखा आहे. आम्ही कोंकणस्थ, आमच्याकडे मामेबहिणीशीं लग्नाचें नांव काढणेंही वेडेपणाचें. तरी आमच्या आजी सासऱ्यांस ‘मामंजी’ म्हणत! हा मामा आला कोठून? कानडी-तामिळ बोलणाऱ्यांत मामा, आत्याचा नवरा व सासरा या तिघांस बहुधा एकच शब्द असतो, कारण त्यांच्या विवाहपद्धतींत हीं तीन नातीं एकाच माणसाच्या ठिकाणीं येऊं शकतात. आपल्याकडे आत्याचा नवरा ‘आतोबा’ म्हणून निराळा झाला, सासराही निराळा झाला, पण सुनेच्या तोंडीं ‘मामंजी’ राहिला. कांहीं घराण्यांत सासूस ‘आत्याबाई’ म्हणत, त्याचीही गोष्ट तीच. रूढि सोडून गेलेल्या घरांत तिचा शब्द मागें राहतो, आणि आपण तो रोज वापरीत असतां त्याकडे पाहत नाहीं. हल्लीच्या सुना ‘बाबा’ म्हणतात. त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु ‘मामंजी’ म्हणणारी शेवटची सून आपल्या घरांत कोण होती हें तरी कोठें लिहून ठेविलें आहे काय?

आमच्या घरीं तें लिहिलेलें निघालें. निबंधाच्या कडेस आजोबांनीं शिसपेन्सिलीनें बारीक अक्षरांत टिपणें केलीं आहेत. ‘आमच्याकडे दिरास भावजी, बहिणीच्या नवऱ्यासही भावजी.’ ‘नणंदेस वन्सं, धाकटी असली तरी वन्संच.’ ‘शेजारच्या देशस्थ बिऱ्हाडांत थोरल्या सूनबाई सासूच्या सख्ख्या भावाची मुलगी. घरांत आत्या म्हणते, चार लोकांत सासूबाई.’ एका ठिकाणीं नुसतेंच, ‘आईला विचारणें.’ आणि त्याखालीं निराळ्या शाईनें, बहुधा कांहीं वर्षांनंतर, ‘राहिलें.’ वहिनींनीं तें पान दोनदां वाचलें व खंड मिटून कपाटांत ठेविला.

बाईंचें हें काम पुढें वाढत जाऊन १९५३ सालीं ‘किन्शिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा त्यांचा ग्रंथ याच संस्थेनें प्रसिद्ध केला, व तो जगभर वाचला गेला. मधल्या काळांतील एक पायरी पत्रिकेच्या पांचव्या खंडांत सांपडते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रधान संपादक विष्णु सीताराम सुखठणकर २१ जानेवारी १९४३ रोजीं निवर्तले. पांचवा खंड त्यांच्या स्मरणार्थ काढला आहे, आणि त्यांत कर्वेबाईंनीं महाभारतांतील नात्याच्या शब्दांचा व कुटुंबरचनेचा विचार केला आहे. ‘युगान्त’ (१९६७) वाचून ज्या वाचकभगिनींस कुंती, गांधारी व द्रौपदी नव्यानें दिसल्या, त्यांनीं हें ध्यानीं घ्यावें कीं त्या पुस्तकाच्या मागें वीस-पंचवीस वर्षांपूर्वींचें हें कोरडें मोजमाप आहे. कोण कोणास कोणत्या शब्दानें हाक मारतो हें मोजून ठेवल्यावरच त्या माणसांचीं मनें लिहितां आलीं. तो काळ महायुद्धाचा होता. कागदाची टंचाई, छपाईची ओढाताण. त्या वर्षांतील पानें आज बोटांत मोडतात. त्यापूर्वींचीं तितकीं मोडत नाहींत.

आतां एक गोष्ट माणच्या आसपासची. त्याच मार्च १९४० च्या जोडअंकांत सांकळिया यांचा पुण्याजवळील महापाषाण-स्मारकांवर सहा-सात पानांचा लेख आहे. मोठमोठ्या शिळा वर्तुळाकार मांडून प्राचीन लोक आपल्या मृतांच्या जागा राखीत. दक्षिणेंत अशीं वर्तुळें बहुधा लोहयुगांतील दफनांचीं असतात, आणि नागपूरजवळ जुनापाणी येथें तीं पुष्कळ आहेत. सांकळियांनीं भोसरीच्या शिवारांतील अशा शिळांची दखल घेतली. भोसरी! आमच्या पुढच्या पिढीस भोसरी म्हणजे कारखाने, उड्डाणपूल व वाहनांच्या रांगा. माणहून निघून एका रविवारीं आम्ही मुलांसह तेथें गेलों. सूनबाईंच्या हातीं लेखाची प्रत होती. चार तास हिंडलों, दोन-तीन वृद्धांस विचारलें, उन्हानें हैराण झालों; आम्हांस वर्तुळ म्हणावें असें कांहीं सांपडलें नाहीं. आम्हीं चुकीच्या बाजूस शोधलें असेल, हेंही शक्य आहे. परंतु १९४० सालीं भोसरी हें शेतांचें गांव होतें. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें व त्यानंतर पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या शेतांवर कारखाने उठले. शिळा मोजल्या गेल्या त्या वीस-बावीस वर्षें आधीं. कोणी सांगून मोजल्या नव्हत्या. पुण्यास नव्यानें आलेल्या एका तरुण अध्यापकास जवळपास हिंडून पाहण्याची हौस होती, आणि पाहिलेलें छापण्यास स्वतःची पत्रिका होती, म्हणून तें झालें.

माणची अशी कोणी नोंद केली काय, असें परत येतांना मुलांनीं विचारलें. आमच्या ट्रंकेंतील खंडांत तरी माण नाहीं.

या पत्रिकेविरुद्ध आमची एक तक्रार आहे आणि ती आम्ही लपवीत नाहीं. आमच्याच आत्या-मावश्या, आमच्याच शिवारांतील दगड, आणि तें सर्व लिहिलें इंग्रजींत! रोमन लिपींत टिंबें-रेघा देऊन छापलेली ‘आत्या’ पाहून आमच्या वहिनींस ती कोणी परमुलुखांतील बाई वाटली. याचें समर्थन विद्वान असें करतात कीं अशा पत्रिका परदेशीं जातात, त्यांच्या मोबदल्यांत तिकडील नियतकालिकें येतात, आणि पैसा न खर्चितां ग्रंथालय भरतें. हें खोटें नव्हे. पण ज्यांच्या घरचें तें ज्ञान, त्यांच्या घरीं तें परत पोंचविण्याचें कामही कोणी तरी करावयास हवें होतें. इरावतीबाईंनीं तें केलें. ‘परिपूर्ति’ (१९४९) व ‘मराठी लोकांची संस्कृति’ (१९५१) हीं पुस्तकें तिकडूनच इकडे आलेलीं आहेत. इतरांपैकीं फार थोड्यांनीं केलें. भांडारकर संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनीं ‘ॲनल्स’मध्यें आपल्या नथीचा इतिहास लिहिला आहे. जुन्या संस्कृत वाङ्मयांत नाकांतल्या अलंकाराचा उल्लेख सुमारें इसवी सनाच्या हजाराव्या वर्षापूर्वीं आढळत नाहीं, असा त्यांचा निष्कर्ष. नथ घालून मंगळागौर पुजणाऱ्या किती घरांत तो पोंचला असेल?

पत्रिका अद्यापि आहे. कॉलेजास १९९० सालीं अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तेव्हांपासून ती खऱ्या अर्थानें विद्यापीठाची पत्रिका झाली. मधल्या काळांत तारापोरवाला, सांकळिया यांच्या स्मरणार्थ तिचे मोठे खंड निघाले. सूनबाईंनीं त्याच रात्रीं संगणकावर शोधून दाखविलें कीं १९३९ पासूनचे खंड ‘जेस्टोर’ नांवाच्या परदेशी संग्रहांत पानन् पान छायाचित्रित करून ठेविलेले आहेत; माणला बसून वाचतां येतात. तेव्हां घरांतील एका मुलानें अगदीं रास्त प्रश्न केला: मग ही ट्रंक कशास?

यावर आमच्याकडे आठवडाभर वाद चालला. मुलाचें म्हणणें असें कीं कागद मरतोच. छायाचित्र मरत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं ५ जानेवारी २००४ रोजीं भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला व ग्रंथांची, हस्तलिखितांची नासधूस झाली, तेव्हां एकाच ठिकाणीं ठेविलेली वस्तु किती असुरक्षित असते हें पुण्यानें पाहिलें आहे. प्रती जितक्या अधिक व जितक्या निरनिराळ्या घरीं, तितक्या बऱ्या. त्यावर त्यानें विचारलें, "मग संगणकावरची प्रत हीही एक प्रतच नव्हे का, काका?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तें वहिनींनीं दिलें. त्यांनीं कपाटांतून खंड काढला, पान ३२७ च्या पुढचीं टिपणें त्याच्यापुढें धरलीं व म्हणाल्या, "हें तुझ्या यंत्रांत आहे का बघ."

तें नव्हतें. संग्रहांत आहे ती दुसऱ्या कोणत्या तरी ग्रंथालयाची स्वच्छ, कोरी प्रत.

तेव्हां ठरलें तें असें. ज्या खंडांत आजोबांचें अक्षर आहे ते चार खंड घरीं राहावयाचे. बाकीचे, एखाद्या ग्रंथालयास संच पुरा करण्यास हवे असतील तर द्यावयाचे. पण देण्यापूर्वीं यादी करून विचारावयाचें, न विचारतां गाडीभर पुस्तकें दारांत नेऊन टाकावयाचीं नाहींत. ग्रंथपाल मंडळींस अशा दानाची धास्ती असते हें आम्हांस एका ग्रंथपालाकडूनच कळलें. घरीं ठेवावयाचे खंड मऊ कुंचल्यानें झाडले, दोन दिवस सावलींत वाऱ्यावर ठेविले, उन्हांत मुळींच नाहीं. कपाटांत वेखंडाच्या पुरचुंड्या घातल्या. आमच्या आजी पोथ्यांच्या बासनांत त्याच घालीत. फाटलेल्या पानांस चिकटपट्टी लावण्याचा मोह मुलांस झाला होता, तो आवरला. ती पट्टी कांहीं वर्षांनीं पिवळी पडून पान घेऊनच निघते. सुटलेलीं पानें जाड पांढऱ्या कागदांत घालून सुती नाडीनें बांधून ठेविलीं आहेत. आणि पेन्सिल पुसट होत चालली आहे म्हणून टिपणें वहींत उतरून घेण्याचें काम सूनबाईंकडे आलें. त्या शनिवारीं रात्रीं वहिनींच्या शेजारीं बसून तें करतात.

उतरतां उतरतां त्या ‘आईला विचारणें’ या जागेपाशीं आल्या. पणजीबाईंस विचारावयाचें काय होतें तें पानावरून कळत नाहीं. कडेला खूण आहे ती निबंधांतील भाचेसुनेच्या उल्लेखापाशीं. वहिनींनीं थोडा विचार केला. पणजीबाईंच्या हाताखालीं त्यांनीं पांच वर्षें स्वयंपाक केलेला. मग त्यांनीं सांगावयास सुरुवात केली, आणि सूनबाईंनीं वहीचें नवें पान उघडलें.